जास्त दूध देणारी मेंढी उशिरा गाभण का राहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुधासाठी पाळलेल्या कळपात ज्यांचं दूध सगळ्यांत जास्त, त्याच मेंढ्या नर दाखवल्यावर उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, काही तर हंगामभर रिकाम्या राहतात. कमी दुधाच्या मेंढ्या मात्र पहिल्याच माजाला गाभण. मग दूध वाढवत नेलं की वेत बिघडायचंच का? दुभत्या मेंढीला नर कधी दाखवायचा? आणि ती गाभण राहिली की दूध आटतं का?

दुधाच्या मेंढ्यांचं प्रजनन हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दूध आणि गर्भ एकमेकांच्या वाईटावर नसतात. बहुतेक कळपांत त्यांची गाठ चुकीच्या दिवशी घातलेली असते, आणि तो दिवस आपणच ठरवलेला असतो.

आधी एक शंका दूर करू, कारण ती मी स्वतः एका कळपात फार उशिरा ओळखली. तिथेही हीच तक्रार होती. दुधाचा तक्ता पाहिला तर खरोखरच रिकाम्या मेंढ्या वरच्या रांगेत होत्या. नंतर प्रत्येकीची व्याण्याची तारीख शेजारी लिहिली तेव्हा चित्र बदललं. नर सगळ्या कळपात एकाच दिवशी सोडला होता. त्या दिवशी काही मेंढ्यांना व्यायला चार महिने झाले होते, तर काहींना जेमतेम दीड महिना. दीड महिन्यापूर्वी व्यालेलीचं दूध भरात असणारच, आणि ती फळायला तयार नसणार हेही तितकंच खरं. म्हणजे आम्ही जिला जास्त दुधाची म्हणत होतो, ती मुळात ताजी व्यालेली मेंढी होती. ती उशिरा फळली, म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा शेवटी व्याली आणि पुन्हा त्याच पेचात सापडली. तेव्हा आजच्या दुधावरून निष्कर्ष काढू नका. व्याल्यापासून किती दिवस झाले हा आकडा समोर ठेवा आणि सारख्या दिवसांच्या मेंढ्यांचीच आपसात तुलना करा. तरीही फरक उरला तर तो खरा.

आता शरीरात काय चालतं ते पाहू. दूध प्रजननातूनच येतं. मेंढीच्या कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशींची बहुतेक वाढ गाभणपणातच होते. व्याल्यानंतर ती अगदी थोडी होते. ही वाढ घडवणाऱ्या संप्रेरकांपैकी एक जार स्वतः तयार करते, त्याला प्लॅसेंटल लॅक्टोजेन म्हणतात. पोटात जुळी असतील तर जारेचा एकूण आकार मोठा, संप्रेरक जास्त आणि कासही मोठी. व्याल्यावर दोन कोकरं ओढायला असतात तो भाग वेगळाच. त्यामुळे जुळी देणारी मेंढी एकट्या कोकराच्या मेंढीपेक्षा साधारणपणे जास्त दूध देते, कोकरं लवकर तोडली तरीही. म्हणून वेताकडे दुर्लक्ष करून दूध वाढवायला निघालेला माणूस दुधाचीच मुळं तोडत असतो.

पण याच फायद्याची किंमत गाभणपणाच्या शेवटी मोजावी लागते. गर्भाच्या वजनाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या ६ आठवड्यांत होते. तेव्हाच पोटातली जागा कमी होते आणि मेंढी कमी खाते. जुळ्या-तिळ्याच्या मेंढीला या दिवसांत खुराक कमी पडला तर ती अंगातली चरबी झपाट्याने जाळते, रक्तात कीटोन वाढतात आणि गाभणपणाचा विषार होतो. तशी पूर्ण आजारी झाली नाही, नुसती ओढली गेली, तरी चीक कमी येतो, कास अपुरी भरते आणि ती वेताला बसतानाच अंगाने उतरलेली असते. पुढच्या फळवणीचा बिघाड इथून सुरू होतो. तो आपल्याला चार महिन्यांनी दिसतो, म्हणून दोष तेव्हाच्या नराला किंवा तेव्हाच्या चाऱ्याला लावला जातो.

व्याल्यावर दूध चढत जातं आणि साधारण ३ ते ५ आठवड्यांत शिखरावर पोचतं. भूक मात्र त्याच्या मागून वाढते. मेंढीचं दूध घट्ट असतं. फॅट ६ ते ७ टक्के, एकूण घनपदार्थ १८-१९ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एक लिटरमागे शरीरातून जाणारी ऊर्जा गाईच्या दुधाच्या जवळपास दीड ते दुप्पट. हा खड्डा ती पाठीवरच्या चरबीतून भरते. अशा वेळी रक्तातलं इन्सुलिन, आयजीएफ-१ आणि लेप्टिन ही शरीरातल्या साठ्याची खबर देणारी संप्रेरकं उतरतात, आणि मेंदूला खबर मिळते की घरात शिल्लक नाही. मग मेंदू बीजकोशाला चालना देणारे ठोके, म्हणजे जीएनआरएच आणि त्यामागून येणारं एलएच, विरळ करतो. बीज पिकत नाही, किंवा पिकलं तरी माज मुका राहतो, म्हणजे बीज सुटतं पण माजाची लक्षणं दिसत नाहीत. ही शरीराची चूक नाही. समोर कोकरू पीत असताना दुसरा गर्भ धरू नये हे त्या जनावराच्या हिताचंच आहे.

दूध काढणं आणि कोकराने पिणं यांत फरक आहे. कोकराने वारंवार ओढण्याने, आणि ते जवळ असण्यानेही, माज जास्त दबतो. दिवसातून दोनदा धार काढल्याने तितका दबत नाही. म्हणून कोकरं कधी तोडायची हा निर्णय दूध आणि माज दोन्हींशी जोडलेला आहे. फ्रान्समधल्या रॉकफोर्ट चीजच्या पट्ट्यात लाकोन जातीच्या मेंढ्यांची कोकरं साधारण महिनाभर आईजवळ ठेवतात आणि मग धार सुरू होते. काहीजण पहिल्या दिवशीच चीक पाजून कोकरं वेगळी वाढवतात. तिसरी रीत म्हणजे रात्री कोकरं वेगळी, सकाळी एक धार, मग दिवसभर कोकरं आईपाशी. या तिसऱ्या रीतीत विक्रीचं दूध चांगलं मिळतं, पण त्या महिनाभर सकाळच्या दुधाचं फॅट फारच कमी लागतं. कारण कोकराची सवय असलेली मेंढी यंत्राला पूर्ण पान्हा सोडत नाही आणि फॅटचा मोठा भाग कासेत वरच राहतो. महिनाभर पाजून एकदम तोडलं तर त्या दिवसांत दूध ठळकपणे खाली येतं. माझा कल तिसऱ्या रीतीकडे आहे, चीज करणाऱ्यांना मात्र मी ती सुचवत नाही.

आता उजेडाबद्दल लिहितो. या विषयात सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. मेंढी दिवस आखूड होऊ लागले की माजावर येते. अंधार वाढला की मेलॅटोनिन हे अंधारात सुटणारं संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि काही आठवड्यांनी बीजकोश जागे होतात. दिवस मोठे झाले की उलट घडतं: प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढतं, माज बंद होतो. आणि हेच मोठे दिवस दुधाला पोषक आहेत. दुभत्या मेंढीला रोज १६ तास उजेड मिळाला तर दूध वाढतं. म्हणजे जो उजेड कास भरतो तोच माज झाकतो. गोठ्यात दुधासाठी रात्री उशिरापर्यंत दिवे लावायचे आणि त्याच मेंढ्यांना महिन्याभरात नर दाखवायचा, असं करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांची मेहनत प्रामाणिक होती, फक्त दोन्ही कामं एकमेकांना खोडत होती.

याच नियमाची दुसरी बाजू उपयोगाची आहे. भाकड काळातल्या, म्हणजे गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांतल्या मेंढीला दिवस आखूड मिळाले तर पुढच्या वेताचं दूध वाढतं. तेव्हा दिवे लावायचेच असतील तर दुभत्या मेंढ्यांचा कप्पा वेगळा आणि गाभण-भाकडांचा वेगळा ठेवा. बेमोसमी माजासाठी कानामागे १८ मिलिग्रॅम मेलॅटोनिनचा इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली ठेवायची बारीक गोळी, बसवतात आणि साधारण ५ आठवड्यांनी नर सोडतात. ते चांगलं काम करतं, पण प्रोलॅक्टिन उतरवतं, म्हणून भर दुधाच्या मेंढीला मी ते बसवत नाही. उतरत्या दुधात बसवतो. विषुववृत्ताच्या जवळ दिवसाची लांबी फारशी बदलत नाही. तिथल्या मेंढ्या जवळजवळ वर्षभर माजावर येऊ शकतात, आणि तिथे उजेडापेक्षा चाऱ्याचा भरणा निर्णायक ठरतो.

नर कधी दाखवायचा? गाभणकाळ १४७ ते १५० दिवसांचा. हिशेबाला १४८ धरू. वर्षाला एक वेत हवं असेल तर मेंढी व्याल्यापासून २१७व्या दिवशी फळली पाहिजे. तोवर दूध उतरलेलं असतं, अंग भरत आलेलं असतं, म्हणून इथे दुधामुळे फारसा अडथळा येत नाही. या पद्धतीत जास्त दुधाच्या मेंढ्या उलटत असतील तर कारण दुसरीकडे शोधा. ८ महिन्यांत वेत, म्हणजे २ वर्षांत ३ वेतं हवी असतील तर ९५व्या दिवशी फळायला हवी. पुढे १८३व्या दिवशी आटवली तर ६० दिवसांचा भाकड काळ मिळतो. हे जमतं, पण ज्या जातीत माजाचं ऋतूचं बंधन सैल आहे तिथेच. अवासी आणि ईस्ट फ्रिजियन या दुधाच्या जातींच्या संकरातून इस्रायलमध्ये तयार झालेली असाफ ही त्यासाठी नावाजलेली आहे. शुद्ध ईस्ट फ्रिजियनकडून अशी अपेक्षा धरू नका, ती ऋतूला घट्ट बांधलेली आहे. ६ महिन्यांचं वेत कागदावर दिसतं, पण त्यासाठी ३४व्या दिवशी फळावं लागेल. तेव्हा दूध शिखरावर असतं आणि गर्भपिशवी नुकती मूळ आकाराला येत असते. दुभत्या मेंढीत हा विचार सोडून द्या. पहिलं बीज ३-४ आठवड्यांत सुटू शकतं, पण ते बहुधा मुकं असतं. ५० दिवसांच्या आत दुभत्या मेंढीला मी नर दाखवत नाही, आणि भरपूर दूध देणारीला तर ९० दिवसांपर्यंत थांबतो.

दूध नेहमी वेतामागे मोजलं जातं, ते वर्षामागे मोजा. एक मेंढी वेताला ३०० लिटर देते आणि १२ महिन्यांनी विते. दुसरी २४० लिटर देते पण ९ महिन्यांनी विते. दुसरीचं वर्षाचं दूध ३२० लिटर पडतं, शिवाय कोकरं जास्त. हा नुसता हिशेब आहे, पण स्वतःच्या नोंदी घेऊन तो मांडला की कळपातल्या मेंढ्यांची क्रमवारी बदलते. जिला आपण डोक्यावर घेत होतो ती खाली जाते.

फळली तरी उलटते, या तक्रारीमागे आणखी एक कारण असतं. जास्त दूध देणारी मेंढी जास्त खाते. खाणं वाढलं की यकृतातून वाहणारं रक्त वाढतं आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन यकृत झपाट्याने निकालात काढतं. गर्भाने आईला आपण आहोत ही खूण द्यायची असते ती १२-१३व्या दिवसाच्या आसपास. त्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन कमी पडलं तर गर्भ मागे पडतो, खूण पोचत नाही आणि १७व्या दिवशी मेंढी पुन्हा माजावर येते. आपल्याला वाटतं नर कमजोर आहे. म्हणून फळवणीआधी २-३ आठवडे खुराक वाढवणं योग्य, पण फळल्यानंतरच्या २ आठवड्यांत एकदम भरमसाट वाढवू नका आणि एकदम तोडूही नका. आहे तसा ठेवा. प्रथिनांचं प्रमाणही तपासा. कोवळा हिरवा चारा आणि वर पेंड असं झालं की रक्तात आणि दुधात युरिया चढतो आणि गर्भ टिकण्याला तो मारक ठरतो. अशा वेळी पेंड कमी करून धान्य देणं बरं.

अंग किती भरलेलं आहे हे नजरेने ठरवू नका, लोकर फसवते. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवून मणक्याची टोकं चाचपा. १ ते ५ अशा मोजणीत फळवणीला ३ च्या आसपास हवी: टोकं गुळगुळीत लागतात, दाबल्यावरच कळतात. टोकं टोचत असतील तर ती मेंढी २ च्या खाली आहे, आणि तिला नर दाखवण्याआधी तिचं दूध कमी करा. एक धार बंद करण्याने काही आठवड्यांत फरक पडतो. मालकाला हे जड जातं, मला कळतं. पण रिकाम्या गेलेल्या हंगामाचं नुकसान त्या एका धारेच्या दुधापेक्षा फार मोठं असतं.

गाभणपणाने दूध आटतं का? पहिल्या दोन महिन्यांत फारसं नाही. पुढे गर्भ मोठा होऊ लागला की उतार वाढतो, आणि शेवटच्या दोन महिन्यांत कासेला विश्रांती हवीच. ६० दिवसांचा भाकड काळ चांगला. ३० दिवसांच्या खाली गेलात तर चीक आणि पुढचं वेत दोन्ही मार खातात. दूध रोजचं अर्ध्या लिटरच्या खाली आलं की खुराक कमी करून धार एकदम बंद करा. एक दिवसाआड काढत रेंगाळू नका. आटवण्याच्या वेळी कासदाह पाहून घ्या, कारण तो पुढच्या वेतापर्यंत लपून राहतो. आणि फळल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत सोनोग्राफी करून घ्या. कोण रिकामी ते कळतं, आणखी थोड्या दिवसांनी पोटात किती आहेत तेही कळतं. शेवटच्या ६ आठवड्यांच्या खुराकाची विभागणी त्याशिवाय होऊच शकत नाही.

माज आणण्यासाठी स्पंज (योनीत ठेवायचा संप्रेरकाचा बोळा) वापरावेत की नर-प्रभाव, हेही लोक विचारतात. नर-प्रभाव स्वस्त आहे. नर महिनाभर नजरेआड, वासाआड ठेवून अचानक आणला की माज बंद असलेल्या मेंढ्यांत २-३ दिवसांत बीज सुटतं. तो माज मुका असतो. काहींत त्यानंतर छोटं चक्र होतं. दिसणारे माज १८व्या आणि २४व्या दिवसाच्या आसपास गोळा होतात, म्हणून तोपर्यंत नर चालला नाही असं म्हणू नका. भर दुधात किंवा कोकरू पिताना मात्र हा प्रभाव मंद पडतो. स्पंजची पद्धत लाकोनमध्ये कृत्रिम रेतनासाठी रुळलेली आहे: १४ दिवस स्पंज, काढताना पीएमएसजीचं (गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं, बीज पिकवणारं संप्रेरक) इंजेक्शन, ५५ तासांनी ताज्या वीर्याने रेतन. वर्षानुवर्षं त्याच मेंढीला पीएमएसजी दिलं की काहींच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, माज उशिरा येतो आणि ठरलेल्या तासाचं रेतन हुकतं. तुमच्या जुन्या, जास्त दुधाच्या मेंढ्या उलटत असतील आणि त्यांना दरसाल हेच इंजेक्शन मिळालं असेल, तर तिथे बोट ठेवा. अशांना नैसर्गिक फळवणी द्या. औषधांनंतर दूध किती दिवस विकायचं नाही ते पशुवैद्याकडून लिहून घ्या.

आनुवंशिकतेबद्दल थोडंच. दुधाचा वारसा, म्हणजे मेंढ्यांमधल्या फरकातला आईबापांकडून येणारा वाटा, मध्यम, ३० टक्क्यांच्या आसपास. फळण्याचा फार कमी, बहुधा १० टक्क्यांच्या आत. म्हणजे फळण्यातला बहुतेक फरक आपल्या व्यवस्थेतून येतो. जुळ्या-तिळ्या वाढवणारी एकेकटी जनुकं मात्र आहेत. त्यांतल्या बुरूला नावाच्या जनुकाचं मूळ बंगालच्या गारोळ मेंढ्यांपर्यंत पोचतं, आणि इस्रायलमध्ये ते अवासी आणि असाफमध्ये आणून अफेक नावाचे वाण तयार झाले. त्याची एक प्रत मिळाली तरी माजामागे सुटणारी बीजं दीडेकने वाढतात. आधी शेवटच्या ६ आठवड्यांचा खुराक सांभाळता येतो का ते पाहा, मग अशा मेंढ्यांकडे वळा.

पहिलटकर मेंढ्या विसरू नका. पूर्ण वाढलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांश झाल्यावर त्यांना फळवा. दूध तुटल्यापासून वयात येईपर्यंतच्या महिन्यांत त्यांना खाऊ घालून लठ्ठ करू नका, कासेत दुधाच्या पेशींच्या जागी चरबी साठते आणि ती पुढे भरून निघत नाही.

या हंगामात रिकाम्या राहिलेल्या मेंढ्यांचं काय करायचं, तर घाईने आटवू नका. गर्भ नसल्यामुळे त्यांचं दूध खाली ओढलं जात नाही. काढत राहा, अंग ३ पर्यंत आणा आणि पुढच्या गटाबरोबर नर दाखवा. अंग भरलेलं, दिवस पुरेसे, नर तपासलेला, आणि तरी दुसऱ्यांदा रिकामी गेली तर ती मेंढी काढा. तिची लेक मात्र केवळ त्या कारणासाठी काढू नका. व्याण्याच्या तारखा, फळवणीच्या दिवशीचं दूध आणि त्या दिवशी हाताला लागलेलं अंग, एवढं प्रत्येकीचं लिहून पाठवलंत तर कोणत्या मेंढ्या कोणत्या गटात घालायच्या ते मी सांगू शकेन.